डिमरमुळे येणारी भुणभुण, घरघर आणि खरखर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा नॉबवाला स्विच) लावल्यापासून घरात कसलीतरी भुणभुण ऐकू येते. काय करू?

आधी काहीही विकत घेऊ नका. आवाज नक्की कुठून येतोय ते शोधा, बहुतेक लोक हेच करत नाहीत आणि डायरेक्ट फिल्टर मागवून मोकळे होतात. घर शांत असताना टीव्ही, पंखा, स्पीकर सगळं बंद करा, फक्त डिमरवरचा दिवा चालू ठेवा आणि नॉब अर्ध्यावर आणा. आता कान लावून ऐका. बल्ब गुणगुणतोय का? की भिंतीतला डिमरच गुणगुणतोय? की दोन्ही गप्प आहेत आणि स्पीकर चालू केला की त्यातून घरघर येते?

बल्ब किंवा डिमर वाजत असेल तर ती वस्तू खरोखर थरथरतेय, सरळ कानाने ऐकू येणारा आवाज आहे. स्पीकरमधून येत असेल तर विजेतला कचरा वायरमधून किंवा हवेतून तुमच्या ऑडिओत घुसतोय. ही वेगवेगळी प्रकरणं आहेत. गुणगुणणाऱ्या बल्बला स्पीकरच्या प्लगवर लावलेल्या फिल्टरने काडीचाही फरक पडत नाही, आणि बल्ब बदलून गिटार एम्पची घरघर जाईलच असंही नाही.

पण डिमर असं करतो तरी काय?

घरातली वीज सेकंदाला ५० किंवा ६० वेळा वरखाली होते (देशाप्रमाणे), म्हणजे अर्ध्या लाटा सेकंदाला १०० किंवा १२० येतात. डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेचा एक तुकडा कापून टाकतो, नॉब जितका खाली तितका मोठा तुकडा. साध्या डिमरमध्ये हे काम ट्रायॅक नावाचा पार्ट करतो. लाट शून्यावरून निघते तेव्हा तो बंद असतो आणि मग मधेच कुठेतरी खटकन चालू होतो. २३० व्होल्टच्या लाईनवर लाटेचा माथा सुमारे ३२५ व्होल्टचा असतो (१२० व्होल्टवर सुमारे १७०), आणि अर्ध्यावर ठेवलेला डिमर नेमका त्या माथ्याच्या आसपास चालू होतो. म्हणजे शून्यावरून थेट ३२५, तेही मायक्रोसेकंदांच्या हिशोबात. दार हळू लावलं तर कोणाला कळत नाही, आपटलं तर भिंतीवरची फ्रेमसुद्धा हादरते, तसंच हे, आणि इथे दार सेकंदाला १०० वेळा आपटतंय.

या झटक्यात नुसता १०० हर्ट्झचा आवाज नसतो, त्याच्या सगळ्या पटी असतात, २००, ३००, ४०० करत करत पार रेडिओच्या मेगाहर्ट्झपर्यंत. म्हणून एकच डिमर बल्बलाही वाजवतो, स्पीकरलाही आणि रेडिओलाही.

जुन्या रिओस्टॅट डिमरमध्ये ही भानगड नव्हती. ते निम्मी वीज उष्णता करून उडवायचे, पण आवाज नाही. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर (ट्रायॅकच्याच घराण्यातला पार्ट) आणला, १९५९ मध्ये जोएल स्पायराने त्या जातीच्या पार्टवर भिंतीतल्या स्विचच्या जागी बसेल असा डिमर बनवला (लुट्रॉन कंपनी त्याचीच, १९६१ ची) आणि तेव्हापासून डिमर छोटा झाला, थंड झाला, आणि भुणभुण करायला लागला.

नॉब पूर्ण वर केला की आवाज जातो, अर्ध्यावर सगळ्यात जास्त. असं का?

वर सांगितलं तेच कारण. फुल्लवर लाट जवळजवळ सुरुवातीपासूनच चालू होते, तिथे व्होल्टेज कमी असतं त्यामुळे झटकाही छोटा. अगदी खाली नेलं की लाटेच्या शेपटीला चालू होतो, तिथेही झटका छोटा. मधे झटका सगळ्यात मोठा. ही तक्रार इतकी ठरलेली आहे की "अर्ध्यावर वाढतो" असं कोणी म्हटलं की बाकी काही विचारायची गरज पडत नाही, डिमरच आहे.

स्पीकरमधली घरघर डिमरचीच आहे हे कसं ओळखायचं? अर्थिंगचाही प्रॉब्लेम असू शकतो ना?

असू शकतो, आणि लोक दोन्हीची खिचडी करतात. अर्थिंगच्या प्रॉब्लेमला ग्राउंड लूप म्हणतात, म्हणजे जोडलेल्या दोन डिव्हाइसना अर्थिंग दोन वाटांनी मिळून त्यातून करंट फिरणं. त्याचा आवाज जाड, गोल, मऊ असतो, "हूंऽऽ" असा, ५० किंवा ६० हर्ट्झचा. डिमरचा आवाज टोकदार असतो, "झर्रर्र" असा, कानाला बोचणारा.

खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे एकाने स्पीकरजवळ बसायचं आणि दुसऱ्याने नॉब हळूहळू फिरवायचा. नॉबबरोबर आवाजाचा पोत बदलला, बारीक-जाड झाला, तर डिमर. नॉब फिरवून, डिमर पूर्ण बंद करूनही आवाज जसाच्या तसा, तर डिमरचा नाद सोडा आणि दोन डिव्हाइस वेगवेगळ्या सॉकेटवर लावून केबलने जोडली आहेत का ते बघा, ग्राउंड लूप तिथे सापडतो.

आणि हो, घरघर घालवायला प्लगची अर्थ पिन तोडणारे किंवा त्यावर टेप लावणारे लोक आहेत. करू नका. आवाज जाईलही कदाचित, पण उद्या आत फेज बॉडीला टेकला तर एम्पचा पत्रा २३० व्होल्टवर आणि तुमचा हात त्यावर. ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नावाची वस्तू याच कामासाठी मिळते, ती सिग्नलच्या केबलमध्ये लागते, अर्थिंगला हात लावावा लागत नाही.

डिमर कुठला बदमाश आहे ते शोधायचं कसं, घरात चार-पाच आहेत.

बॅटरीवरचा जुना एएम रेडिओ. खरंच, याच्यासारखं स्वस्त आणि भारी मीटर नाही. एफएम नको, एएम म्हणजे मिडीयम वेव्ह. बँडच्या खालच्या टोकाला, ६०० किलोहर्ट्झच्या आसपास, जिथे स्टेशन लागत नाही अशी जागा धरा आणि आवाज वाढवा. डिमर बंद असताना नुसतं "श्शऽऽ" येईल. डिमर चालू करून अर्ध्यावर आणा, त्या "श्श"वर चरचरीत "झर्रर्र" चढेल.

आता रेडिओ हातात घेऊन चाला. स्विचबोर्डपाशी जोर, मग भिंतीतून वायरिंग जिथून वर जाते त्या रेषेवर जोर, मग छतावरच्या दिव्यापर्यंत. दोन पावलं बाजूला झालात की आवाज पडतो, परत रेषेवर आलात की चढतो. भिंतीत वायर कुठून गेली आहे ते रेडिओच सांगतो. रेडिओ एका जागी आडवा फिरवून बघा, एका दिशेला आवाज जवळजवळ गायब होतो, कारण आतल्या फेराइटच्या दांडीच्या अँटेनाला दिशा असते. असे एकेक डिमर बंद-चालू करत गेलात की दहा मिनिटांत चोर सापडतो. कधी कधी चोर डिमर नसतोच, एखादा स्वस्त चार्जर, एलईडीचा ड्रायव्हर (त्याला लागेल तशी वीज करून देणारं सर्किट) किंवा हात लावला की लागणारा टच लॅम्प निघतो. (टच लॅम्पमध्येही बहुतेक वेळा आत ट्रायॅकच असतो.)

साधा पिवळा बल्ब गुणगुणतो. बल्ब खराब आहे का?

नाही, फिलामेंट थरथरतेय. करंट झटक्याने आला की त्या बारीक वेटोळ्यावर चुंबकीय जोर येतो आणि ती तारेसारखी वाजते. जास्त वॉटच्या बल्बमध्ये हे जास्त. फिलामेंटला जास्त आधार असलेले, धक्के सोसायला बनवलेले बल्ब मिळतात, ते कमी वाजतात. किंवा एका मोठ्याऐवजी दोन लहान लावा. चोक असलेला डिमर बसवला तर सगळ्यात बरं, त्याचं पुढे सांगतो.

एलईडी बल्बवर तर "डिमेबल" लिहिलंय, तरी गुणगुणतो आणि फडफडतो. फसवलं का मला?

अर्धं अर्धं. "डिमेबल" म्हणजे कुठल्या तरी डिमरवर डिम होतो, तुमच्याच डिमरवर होईल अशी गॅरंटी नाही. एलईडी बल्बच्या आत एक छोटा ड्रायव्हर असतो, त्यात कॅपॅसिटर असतो, आणि ट्रायॅक खटकन चालू झाला की तो कॅपॅसिटर एका दमात करंट ओढतो. त्या झटक्याने ड्रायव्हरमधली कॉइल वाजते, काही सिरॅमिक कॅपॅसिटर तर व्होल्टेज बदललं की स्वतःच अगदी किंचित ताणले-आखडले जातात आणि बोर्डाला वाजवतात. कान बल्बच्या बुडाशी नेला तर आवाज काचेतून नाही, त्या प्लॅस्टिकच्या बुडातून येतोय हे लगेच कळतं.

दुसरी भानगड मिनिमम लोडची. जुन्या डिमरवर बघा, "४० ते ४०० वॉट" असं काहीतरी छापलेलं असतं. तो पिवळ्या बल्बच्या जमान्यातला. त्यावर ७ वॉटचा एक एलईडी लावला की ट्रायॅकला टिकून राहायला लागणारा करंटच मिळत नाही, तो चालू होतो, सुटतो, परत चालू होतो, म्हणून फडफड. नुसती फडफड थांबवायची तर त्याच सर्किटवर चार-पाच बल्ब लावून कधी कधी भागतं, पण एलईडीला योग्य डिमर घेणं हाच सरळ रस्ता. कंपन्या कुठला बल्ब कुठल्या डिमरवर चालतो याच्या याद्या देतात, खरेदीच्या आधी पाच मिनिटं घालवून त्या बघा.

"डिमेबल" लिहिलेलंच नसेल तर विषय संपला, तो बल्ब डिमरवर लावू नका. बिघडेल.

लीडिंग एज, ट्रेलिंग एज म्हणजे काय? कुठला घ्यायचा?

लीडिंग एज म्हणजे वर सांगितलेला ट्रायॅकवाला, लाटेचा पुढचा भाग कापणारा, मधेच खटकन चालू होणारा. ट्रेलिंग एज उलटा. लाट शून्यावर असताना चालू होतो, व्होल्टेजबरोबर आरामात वर जातो आणि शेवटचा भाग कापतो. आत ट्रायॅकऐवजी मॉस्फेट नावाचे ट्रान्झिस्टर असतात, ते किती सावकाश बंद करायचे हे डिझाइन करणाऱ्याच्या हातात असतं, म्हणून कडा गोल करता येते. कॅपॅसिटरवाल्या लोडला, म्हणजे बहुतेक एलईडी आणि इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला, हा मानवतो. महाग असतो, पण बल्बची भुणभुण आणि रेडिओतली खरखर दोन्ही एकदम कमी करणारी एकच खरेदी करायची असेल तर हीच करा.

अपवाद एकच, लोखंडी कोअरचा जुना वजनदार ट्रान्सफॉर्मर असलेले लो-व्होल्टेज दिवे. त्यांना लीडिंग एजच लागतो, तोही वाइंडिंगवाल्या लोडसाठी चालतो असं लिहिलेला. चुकीचा लावला तर ट्रान्सफॉर्मर घुमतो, तापतो.

महागड्या डिमरमध्ये असं काय असतं? दिसतात तर सारखेच.

वरून सारखेच. आत बघितलं की कळतं. बऱ्या डिमरमध्ये ट्रायॅकशेजारी एक जाड पिवळ्या-पांढऱ्या किंवा करड्या रंगाची रिंग असते, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, तो चोक. शेजारी चौकोनी डबीसारखा एक्स-२ प्रकारचा कॅपॅसिटर, बहुतेक वेळा ०.१ मायक्रोफॅरडच्या आसपासचा. चोक करंटला एकदम उडी मारू देत नाही, कॅपॅसिटर उरलेला वरच्या फ्रिक्वेन्सीचा कचरा तिथल्या तिथे फिरवतो. स्वस्तातल्या डिमरमध्ये हीच जागा रिकामी. कधी कधी बोर्डवर चोकचं चिन्ह छापलेलं असतं, दोन भोकं असतात, आणि त्यात नुसती वायरची उडी मारलेली. पैसे कुठे वाचवलेत ते तिथेच दिसतं!

नाटकाच्या लाइटिंगमध्ये लोक याबद्दल इतके कडक आहेत की तिथे डिमर विकताना "राइज टाइम" किती मायक्रोसेकंद हे छापून देतात. जितका जास्त तितका शांत, आणि तितकाच जड, कारण मोठा चोक म्हणजे लोखंड आणि तांबं. घरगुती डब्यात एवढं मावत नाही.

चोक असलेला डिमर स्वतः थोडा गुणगुणू शकतो, कारण आता तो झटका चोक खातोय. खोलीच्या पलीकडून ऐकू येत नसेल तर चालवून घ्या.

प्लगवर लावायचा स्पाइक गार्ड, स्टॅबिलायझर किंवा यूपीएस घेतला तर?

स्पाइक गार्डमधला एमओव्ही (व्होल्टेज फार चढलं की ते शोषणारा पार्ट) फक्त मोठा सर्ज आला की जागा होतो, डिमरचा कचरा त्याच्या खिजगणतीत नाही. स्टॅबिलायझर व्होल्टेज वरखाली करतो, लाटेचा आकार नीट करत नाही. साधा ऑफलाइन यूपीएस लाईट असताना मेनची वीज जवळपास तशीच पुढे ढकलतो. ऑनलाइन यूपीएस, जो सतत एसीचं डीसी आणि परत एसी करतो, तो खरंच साफ वीज देतो, पण त्याचा स्वतःचा फॅन डिमरपेक्षा जास्त आवाज करेल आणि एका घरघरीसाठी एवढा खर्च म्हणजे अतीच.

खरा मेन फिल्टर, चोक आणि कॅपॅसिटरवाला, वायरमधून येणारा कचरा कमी करतो. तो डिमरजवळ लावला तर सगळ्या घराला फायदा, स्पीकरजवळ लावला तर फक्त त्या स्पीकरला आणि तेही कचरा प्लगमधून येत असेल तरच. त्याला नीट अर्थिंग लागतं, नाहीतर त्यातले अर्थकडे जाणारे कॅपॅसिटर निम्मं काम सोडून देतात.

फेराइटचे क्लिप-ऑन गोळे?

रेडिओच्या खरखरीला, हो, मदत होते. कानाला ऐकू येणाऱ्या १०० हर्ट्झच्या घरघरीला, नाही. फेराइटचा दम मेगाहर्ट्झच्या आसपास आणि वर. आणि नुसता एकदा क्लिप करून फार काही होत नाही, केबलचे वेढे त्यातून घ्या, कारण परिणाम वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, तीन वेढे म्हणजे साधारण नऊपट.

गिटार लावली की सगळ्यात जास्त आवाज, कीबोर्डला काहीच नाही. असं कसं?

सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली हजारो वेढ्यांची तार. ती तारांची थरथर पकडते तसंच आजूबाजूचं कुठलंही चुंबकीय क्षेत्र पकडते, तिला फरक कळत नाही. वर गिटार एम्पला गेन भरपूर. इथे कचरा प्लगमधून नाही, हवेतून येतो, म्हणून मेन फिल्टर लावून लोक वैतागतात. खुर्चीवर बसल्या बसल्या गिटारसकट गोल फिरून बघा, एका दिशेला आवाज बराच पडेल. रेकॉर्डिंग करताना हा फुकटचा उपाय भरपूर लोक वापरतात. हंबकर पिकअप यासाठीच आला, दोन कॉइल उलट्या जोडल्या की बाहेरून आलेला आवाज एकमेकांना मारतो. गिब्सनमध्ये सेथ लव्हरने त्याच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला होता.

रेकॉर्ड प्लेयरचंही तसंच. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास देते, मग प्रीएम्प ते शंभरेक पट वाढवतो, आणि कचराही तेवढाच वाढवतो. मायक्रोफोनला बॅलन्स्ड केबल असते, दोन्ही वायरींवर सारखा आलेला कचरा पुढे वजा होतो, म्हणून तो तुलनेने शांत. लांब आरसीए केबल डिमरच्या वायरिंगला समांतर टाकली असेल तर आधी ती हलवा, आणि मेनची वायर ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

कानाच्या मशीनमध्ये खरखर येते, डिमरमुळे असू शकतं?

हो. मशीन टेलिकॉइल मोडवर, म्हणजे "टी" वर असेल तर आत कॉइलच असते आणि ती गिटारच्या पिकअपसारखंच डिमरचं क्षेत्र पकडते. मायक्रोफोन मोडवर आणलं की गेलं तर कारण पक्कं. घरात कोणाला टेलिकॉइल लागत असेल तर त्या खोलीतला डिमर काढलेला बरा, आवाज सहन करत बसायला सांगू नका.

नेट स्लो होतं का डिमरने?

वायफायला नाही, २.४ गिगाहर्ट्झपर्यंत हा कचरा पोचतच नाही. फायबरला तर प्रश्नच नाही. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या डीएसएलला मात्र होऊ शकतं, एडीएसएल १.१ मेगाहर्ट्झपर्यंत चालतं, आणि सेकंदाला १०० वेळा येणाऱ्या अशा झटक्यांना त्या क्षेत्रातले लोक "रेन" म्हणतात, इतका ओळखीचा प्रकार आहे. संध्याकाळी दिवे लागले की लाईन तुटते, असं असेल तर राउटरची टेलिफोन वायर डिमरच्या वायरिंगपासून लांब घ्या. विजेच्या वायरिंगमधून नेट पाठवणारे पॉवरलाइन अडॅप्टरही डिमरला वैतागतात.

पंखा दिव्याच्या डिमरवर लावला तर घूं घूं करतो.

करणारच, आणि लावू नका. मोटरला कापलेली लाट आवडत नाही, वाइंडिंग घुमतं, तापतं. पंख्यासाठी वेगळा रेग्युलेटर येतो. त्यातही नॉब अखंड फिरणारा बहुतेक ट्रायॅकचाच, तो कमी स्पीडला घुमतो. १-२-३-४ असे खटके असलेला कॅपॅसिटरवाला रेग्युलेटर लाट कापत नाही, त्याने पंखा शांत चालतो आणि रेडिओतही काही येत नाही. घूं घूं चा त्रास असेल तर हाच बसवा, पुढचा विचार करूच नका.

डिमर गरम लागतो, कधी चटचट आवाज येतो. नॉर्मल आहे का?

कोमट असणं नॉर्मल. ट्रायॅकवर व्होल्ट-दीड व्होल्ट पडतो, म्हणजे एक अँपिअर करंटला एक-दीड वॉट उष्णता तिथेच होते. हात ठेववत नाही इतका गरम नॉर्मल नाही, लोड जास्त आहे किंवा एका बोर्डात तीन-चार डिमर कोंबलेत.

चटचट, तडतड मात्र वेगळी गोष्ट. भुणभुण एकसारखी असते, चटचट तुटक असते. ती बहुतेक वेळा सैल स्क्रूची किंवा जळत चाललेल्या कॉन्टॅक्टची असते, त्यातून आग लागते. वास येत असेल, प्लेट पिवळी-काळी पडली असेल तर एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, "बघू उद्या" नको. आणि डिमर स्वतः बदलणार असाल तर नॉब शून्यावर नेला म्हणजे वीज गेली असं समजू नका, बरेच डिमर "बंद" असतानाही थोडा करंट सोडतात. एमसीबी पाडून टेस्टरने बघूनच हात घाला.

शेजाऱ्यांच्या डिमरचा आवाज माझ्या रेडिओत येऊ शकतो?

येऊ शकतो, वायरिंग एकाच ट्रान्सफॉर्मरवर आणि एकाच फेजवर असेल तर. एएम रेडिओ घेऊन मीटरबोर्डपाशी उभे राहा आणि आपला मेन स्विच पाडा. तरी खरखर चालूच असेल तर ती बाहेरची आहे. मग शेजाऱ्यांना प्रेमाने विचारा, त्यांना बहुतेक याचा पत्ताच नसतो.

अजिबात कचरा नको असेल तर दिवा मंद करायचा कसा?

लाट न कापणाऱ्या पद्धती आहेत. स्मार्ट बल्ब आत स्वतःच डिम होतो, त्याला भिंतीतला डिमर नको, दोन्ही एकत्र तर अजिबात नको. ०-१० व्होल्ट किंवा डाली (दिव्यांना डिजिटल हुकूम देणारी पद्धत) यावर चालणारे ड्रायव्हर, त्यात कंट्रोलच्या वायरी वेगळ्या असतात आणि मेनची लाट न कापता जाते. डीसीवरच्या एलईडी पट्ट्या पीडब्ल्यूएमने, म्हणजे भराभर चालू-बंद करून, डिम होतात, तिथे कधी कधी बारीक शिट्टी येते, कंट्रोलरची फ्रिक्वेन्सी कानाच्या टप्प्यात असली की. आणि पिवळ्या बल्बसाठी व्हेरिअ‍ॅक, म्हणजे फिरता ऑटोट्रान्सफॉर्मर, जो पूर्ण गोल लाट देतो, फक्त छोटी. काही रेकॉर्डिंग स्टुडिओ अजून तेच वापरतात. जड आहे, महाग आहे, भिंतीत मावत नाही.

नाहीतर सगळ्यात साधं म्हणजे दिव्यांचे दोन-तीन गट करून वेगळ्या बटणांवर टाका. कमी उजेड हवा तर कमी दिवे लावा.

घर भाड्याचं आहे, डिमर बदलू देत नाहीत. मग?

मग डिमर कायम फुल्लवर ठेवा आणि उजेड बल्बच्या वॉटने कमी करा, ८ वॉटच्या जागी ३ वॉटचा. मिनिमम लोडचं बघा तेवढं, एकटा छोटा एलईडी फुल्लवरही फडफडला तर तो दिवा सोडून द्या आणि दुसऱ्या सॉकेटवर टेबल लॅम्प लावा. रेकॉर्डिंग चालू असताना तर डिमर पूर्ण बंदच. ऑडिओचे प्लग जमल्यास दुसऱ्या खोलीच्या सर्किटवरून घ्या, एकाच एक्स्टेंशनवर सगळे, म्हणजे ग्राउंड लूपचं नवीन लफडं नको.